भाडं घेतलं होतं

आमच्या शेलूबाजारात मालाच्या गाडीत माणसं बसवली की चालान होतं, हे लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणून चौकात टेम्पो अडवला की आत बसलेला माणूस न शिकवता बोलतो, "फुकट बसलो साहेब, घरचाच माणूस हाय." एवढ्यावर सुटका होते. निदान इतकी वर्षं होत होती.

माझं किराणा दुकान आहे आणि दारात एक टेम्पो. वाशीमहून दुकानाचा माल आणताना शेजारच्या भाजीवाल्या मावशीची पोतीही मी आणायचो. त्याचं भाडं ती द्यायची आणि प्रत्येक खेपेला घासाघीस करायची. वर माझ्या बाजूच्या सीटवर बसून मला गाडी कशी चालवावी हेही शिकवायची. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी सासरी. तिच्या दोन हातांवर तिचं चाललेलं.

त्या सकाळी वाशीमहून परत येताना एक रोही रस्त्यात उडी मारून आली. नीलगाईंचे हे कळप आमच्याकडे पिकांना सोडत नाहीत आणि आता रस्त्यालाही सोडत नाहीत. मी ब्रेक दाबला, टेम्पो नालीत आडवा झाला. मला खरचटलं. मावशीचं उजवं मनगट चिरडलं आणि तिचे वांगी-कांदे डांबरावर पसरले. डॉक्टरांनी प्लेट टाकली, पण बोटं मिटेनात. अकोल्याला आणखी एक ऑपरेशन केलं तर मिटतील, म्हणाले. ते तिच्या आवाक्यातलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

टेम्पोचा विमा चालू होता, एवढीच जमेची बाजू. वकील म्हणाले, मावशीने गाडीमालकावर आणि विमा कंपनीवर दावा टाकायचा, भरपाई कंपनी देईल. मी तिला म्हटलं, माझ्यावर केस कर. ती उसळलीच. "तुह्यावर केस? मले येडी समजतं काय रे?" ही केस कागदावरची आहे, भांडणाची नाही, हे तिच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तयार झाली, पण वकिलांकडे जाताना पदराने तोंड झाकून गेली.

कायदा वकिलांनी तिला दोनदा समजावला. मालाच्या गाडीत आपल्या मालासोबत मालाचा मालक बसला असेल, तर विमा त्याची जबाबदारी घेतो. नुसत्या फुकट बसलेल्याची घेत नाही. तेव्हा माल होता, भाडं दिलं होतं, हे जे खरं आहे तेच सांगायचं. मावशीने मान हलवली. ती मान मला तेव्हाच खटकायला हवी होती.

साक्षीच्या दिवशी कंपनीचे वकील तिच्याशी फार गोड बोलले. "मावशी, हा तुमचा शेजारी. चांगला माणूस आहे ना? तुमच्याकडून भाडं थोडंच घेत असेल!"

"नाई साहेब!" मावशी एकदम ताठ झाली. "एक रुपया घेत नाई तो. फुकटच बसली होती मी."

"आणि सोबत माल?"

"काईच नोता. रिकामीच होती."

तिच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तिने जन्मभर चौकातल्या पोलिसाला जे उत्तर दिलं, तेच शपथेवर न्यायाधीशांना दिलं होतं.

बाहेर आल्यावर मला डोळा मारून म्हणाली, "पाह्यलं? कसा गोड बोलून फसवून राह्यला होता मेला. पन म्या तुह्यं नाव येऊ देलं नाई." मग आवाज बारीक करून म्हणाली, "शपथ घेऊन खोटं बोलली रे बाबू. पाप त नाई लागन ना?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. नाही लागणार, म्हटलं.

दावा माझ्यावरही असल्याने मला वेगळे वकील करावे लागले होते. ते म्हणाले, आता उपाय एकच, तुम्ही साक्ष द्या. भाडं घेतलं, माल होता, म्हणा. मालाचे फोटो पंचनाम्यात आहेत. पण तुम्ही खरं बोललात की बाई खोटी ठरते, हे ध्यानात असू द्या. घरी जाऊन मी तिला सगळं सांगून पाहिलं. तिने ऐकूनच घेतलं नाही. "तू गप राय. तुले आतमदी टाकतीन," एवढंच तिचं चाललं होतं. आणि एक गोष्ट लपवत नाही. कंपनी सुटली असती तर भरपाई माझ्या डोक्यावर आली असती. खरं बोलण्यात माझाही फायदा होता, आणि ते मला रात्रंदिवस टोचत होतं.

पुढच्या तारखेला मी उभा राहिलो. मावशी समोरच्या बाकावर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. मला प्रश्न आला, भाडं घेतलं होतं का? मावशीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही म्हण म्हणून.

"घेतलं होतं," मी म्हणालो. "दर खेपेला घेत होतो. त्या दिवशी तिच्या भाजीची पोती गाडीत होती."

तिची मान तशीच थांबली. मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं. हातासाठी केलं मावशी, म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हात गेला त गेला होता," ती म्हणाली. "साऱ्या कोर्टासमोर मले खोटी पाडलं तू."

निकाल अजून लागलेला नाही. वकिलांना आशा आहे. मावशी आता जीपने वाशीमला जाते, आणि पोती चढवायला कोणा परक्याला विनवते.