पिशोरच्या गिरणीतला एक शब्द

मी समाजकार्य शिकवते. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवणारे डॉक्टरसाहेब माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. आमची ओळख मात्र झाली दिल्लीच्या एका हॉटेलात. आरोग्यातल्या सामाजिक नवोपक्रमांवर संस्थांनी मिळून काम करावं आणि आमच्यासारख्यांची संशोधनाची क्षमता बांधली जावी, यासाठी भरलेल्या बैठकीत. दोघंही औरंगाबादचे म्हटल्यावर (शहराचं नाव बदललं तरी दिल्लीत आमच्या तोंडून तेच निघालं) आयोजकांनी आम्हाला एका टेबलावर बसवलं आणि आमचं सहकार्य सुरू झाल्याचं जाहीर करून टाकलं.

परत आल्यावर कितीतरी महिने हे सहकार्य प्रकल्पाच्या बोर्डावर कोणत्या कॉलेजचं नाव आधी यावं, या एकाच प्रश्नावर चाललं. शेवटी नावं शेजारी-शेजारी टाकायचं ठरलं, तर कुणाचं डावीकडे, यावर पुन्हा बैठक झाली. एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की अभ्यास करायला नवोपक्रम सापडलेलाच नाही.

तो सापडला पिशोरमध्ये. माझ्या विद्यार्थिनी तिथं फिल्डवर्कला जात. त्यांना उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं की गावातल्या एका भागातली माणसं बीपीच्या गोळ्या चुकवत नाहीत, आणि त्याचं कारण तिथली पिठाची गिरणी आहे. आम्ही जीप करून गेलो.

गिरणी एक बाई चालवत होत्या. आधी त्यांचे मालक, म्हणजे नवरा, चालवायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. फक्त एक शब्द उरला: गोळी. दवाखान्यातून आल्यावर बाई त्यांना सकाळ-संध्याकाळ "गोळी घेतली का?" विचारायच्या, त्यातला असेल. मालक दाराशी वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसत. कुणी दळणाचा डबा खाली ठेवला की त्याच्याकडे बघून म्हणत, "गोळी?"

सुरुवातीला बाई धावत जाऊन त्यांचीच गोळी आणून देत. मग एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकानं सरळ उत्तर दिलं, "घेतली की." दुसऱ्यानं घेतली नव्हती, तो ओशाळला. ज्या माणसाचं अर्धं अंग गेलंय, तो विचारतोय म्हटल्यावर खोटं बोलणं जिवावर येई. काही बायका दळणाच्या डब्यातच गोळ्यांचं पाकीट टाकून आणू लागल्या आणि मालकांसमोर पाण्याबरोबर घेऊ लागल्या.

डॉक्टरसाहेब भारावून गेले. त्यांनी बाईंना विचारलं की ही योजना कुणाच्या डोक्यातून निघाली.

"योजना कशाची," बाई म्हणाल्या. "त्यान्ला दुसरं बोलताच येत नाय."

साहेबांनी हे उत्तर 'समुदायाची अंतःप्रेरणा' असं लिहून घेतलं. गिरणीशेजारच्या एका काकूंनी मला हळूच विचारलं, क्षमताबांधणीचं काम निघालंय म्हणतात, तर बांधकाम कुठं हाय? मी म्हटलं, आमच्याच डोक्यात. त्यांना ते पटलेलं दिसलं.

संशोधन म्हटलं की तुलना आली. जिथं असं काही विचारलं जात नाही, अशी गिरणी हवी होती. ती आम्ही देवगाव रंगारीत निवडली. माझ्या विद्यार्थिनी दर आठवडी बाजाराला तिथल्या गिऱ्हाइकांना विचारायच्या: इथं गोळ्यांबद्दल कुणी विचारतं का? गिऱ्हाइकं नाही म्हणत, आम्ही 'नाही' लिहीत असू. सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं.

याच सुमारास साहेबांच्या कॉलेजातल्या स्पीच थेरपिस्ट बाई आमच्याबरोबर एकदा पिशोरला आल्या. त्या माझ्याच वयाच्या, फार न बोलणाऱ्या. त्या मालकांजवळ बराच वेळ बसल्या आणि परतताना जीपमध्ये म्हणाल्या, "इतके महिने तुम्ही येताय. या माणसाच्या बोलण्यावर उपचार करावेत, असं कुणालाच वाटलं नाही?"

कुणाला वाटणार? आमच्या आराखड्यात ते 'हस्तक्षेप' होते, म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा ते साधन; रुग्ण नव्हते. मला हे हसण्यासारखं वाटलं, हसू मात्र आलं नाही.

त्या दिवसापासून थेरपिस्ट बाई आमच्या जीपमधून जाऊ लागल्या. आम्ही गिऱ्हाइकांशी बोलायचो, त्या मालकांशी. आधी 'चहा' आला. मग 'पाणी', मग बायकोचं नाव. एक दिवस आम्ही तिथं असतानाच लाइट गेली. पट्टा थांबला, सगळी घरघर बंद झाली. बाई पदरानं तोंडावरचं पीठ पुसत कुणाकडं तरी निघाल्या होत्या. मालक म्हणाले, "बस. बस जरा."

बाई दारातच थांबल्या. मग खुर्चीशेजारच्या पोत्यावर जाऊन बसल्या. लाइट येईपर्यंत दोघं रस्त्याकडं बघत बसले होते. आम्हा तिघांनाही बाहेर काहीतरी काम निघालं.

त्यानंतर मालक सुटलेच. कापसाचा भाव, सरपंच, पुतण्याचं लग्न. शब्द अडखळत येत, पण थांबत नसत. बाई तक्रार करायच्या, "आता लई बोलतात, बंदच होईनात," आणि तक्रार करताना गिरणीचा आवाज कमी असेल अशा बाजूला, त्यांच्याजवळ उभ्या राहायच्या.

फक्त, मालकांनी गोळीचं विचारणं सोडून दिलं. गिऱ्हाइकांनी गोळ्या घेणंही हळूहळू ढिलं पडलं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडला. जीपमध्ये त्यांनी अर्धवट गमतीनं थेरपिस्ट बाईंना सुचवलं की तेवढा एक प्रश्न टिकवून ठेवता आला तर बरं होईल.

"ते माझे पेशंट आहेत," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "तुमचा नवोपक्रम नाहीत."

पुढच्या खेपेला मी मालकांना विचारलं, आता तुम्ही लोकांना गोळीचं का विचारत नाही? ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"म्या कधीच... इचारलं नव्हतं," ते म्हणाले. "डबा... वाटेत ठेवू नगा... म्हणायचो. तोंडातून... गोळी निघायचं."

बाई हसायला लागल्या, मग मालकही. साहेबांनी वही मिटली. गावाच्या एका भागाचं बीपी ताब्यात ठेवणारी अंतःप्रेरणा म्हणजे वाट अडवणाऱ्या डब्यांचा वैताग होता.

तिकडं देवगावात उलटंच झालं होतं. आठवड्याच्या आठवड्याला तोच प्रश्न ऐकून तिथल्या गिरणीवाल्याला वाटलं, सरकारला हेच हवंय. तो स्वतःच प्रत्येकाला विचारू लागला होता, आणि गोळी न घेणाऱ्याचं दळण शेवटी लावत होता. विचारणारी गिरणी गप्प झाली आणि तुलनेला घेतलेली विचारू लागली. आमच्या तक्त्याचे दोन्ही रकाने आपापल्या जागा सोडून गेले होते.

शेवटची बैठक आमच्याच शहरातल्या हॉटेलात झाली. मला वाटलं होतं, साहेब जरा सारवासारव करतील. त्यांनी केली नाही. डब्यासकट सगळं जसंच्या तसं सांगितलं. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी ते 'महत्त्वाची शिकवण' म्हणून नोंदवलं आणि पुढच्या टप्प्याचा विषय पूर्णपणे वेगळा असल्याचं सांगून जेवायला चला म्हटलं. आमचं अधिकृत सहकार्य तिथं संपलं. बोर्ड मेडिकल कॉलेजच्या कुठल्याशा खोलीत आहे म्हणतात.

जीप मात्र अजून जाते. लकवा झालेल्यांच्या बोलण्यावर उपचार होतात, ही बातमी मालकांनी स्वतःच पसरवली, आणि आता बाजाराच्या दिवशी गिरणीमागच्या खोलीत आजूबाजूच्या गावांतली माणसं येऊन बसतात. थेरपिस्ट बाई माझ्या विद्यार्थिनींना हाताशी घेऊन शिकवतात. डॉक्टरसाहेब आधी बीपी तपासायला येत. हल्ली तेही एका निवृत्त मास्तरांसमोर बसतात आणि त्यांच्याबरोबर महिन्यांची नावं म्हणतात. मास्तर श्रावणाशी अडतात. साहेब घाई करत नाहीत, पुन्हा चैत्रापासून सुरू करतात.