मानाची जोडी

एकाच बादशहाचे दोन सुभेदार पूर्वी कधीतरी आमच्या शिवारात आपसांत लढले. आता तिथं सोयाबीन असतं. आपला पूर्वज जिंकणाऱ्याच्या बाजूनं लढला, असं गावातली दोन घराणी सांगतात आणि त्या जोरावर पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून दरवर्षी भांडतात. हरलेल्याच्या बाजूनं लढलेला मात्र गावात एकही निघत नाही. त्याची फौज बहुतेक आभाळातून पडली असावी.

यंदाही दोन्ही घरचे कर्ते फेटे बांधून तोरणाखाली उभे ठाकले. बैल दोघांकडेही नाहीत, ट्रॅक्टर आल्यावर विकले. एकानं मेहुण्याची जोडी मागून आणली होती, दुसऱ्यानं अमडापूरहून भाड्यानं. परक्या बैलांचे कासरे धरून दोघं आपापल्या रक्ताचा रुबाब सांगत होते. बैल बिचारे उन्हात उभे, शिंगांचा बेगड सुटून लोंबत होता.

मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून शेवटी दोघं माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुमीच सांगा. त्या लढाईत आपले लोक कुठी होते?"

मीही वैतागलो होतो. म्हटलं, "पळाले होते. जे लढले ते इथंच वावरात मेले. पळाले त्यांचे लेकरं आपण."

ती दोन घराणी जन्मात पहिल्यांदा एका बाजूला आली आणि माझ्या अंगावर धावली. मीही मग पूर्वजांना जागलो. पळालो.