उष्टं दूध

मागच्या दारी धुणं धुवायच्या दगडावर मला बसवलं आणि चोळी काढायला सांगितली. मोलकरीण पाणी ओतत होती. मालकांच्या आई, थोरल्या बाई, दारात उभ्या.

"काथ्यानं घास," त्या म्हणाल्या. "मिठागरातली बाई आहे. खारट लागेल बाळाला."

काथ्या भांडी घासायचा. माझी कातडी मिठानं आधीच फाटलेली. बोंडाशी रक्त आलं. विहिरीवरचा गडी बघत होता. मोलकरीण हसून म्हणाली, "गाय बरी गो. तिला एवढा घासावा नाय लागत."

असं रोज, दोन वेळा.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. नवरा या मालकांच्याच आगरावर मीठ काढायचा. मालकांची बायको बाळंतपणात आजारी पडली, तिला दूध आलं नाही. माझी मुलगी तेव्हा दीड महिन्याची. मुकादम आमच्या दारात येऊन म्हणाला, "मालकांनी बोलावलाय तुला. नाय आलीस तर नवऱ्याला उद्यापासून आगरावर घेनार नाय." नवऱ्यानं फडकं आणून दिलं. मी मुलीला फडक्यात बांधलं आणि पनवेलला गेले.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. त्या घरात ते आलं नव्हतं.

आम्हा दोघींना गोठ्यात जागा दिली. नियम एकच. आधी त्यांचं बाळ पिणार, उरलं तर माझी मुलगी. तिनं आधी तोंड लावलं की दूध उष्टं. मी म्हटलं, "एक बाजू तिला ठेवते." थोरल्या बाई म्हणाल्या, "अंग एकच ना तुझं? उष्टं ते उष्टं."

माझ्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं. अंगातलं दूध चालत होतं. मी चौथी शिकलेली. एवढं कळायला चौथीही लागत नाही.

खायला घालायचे. अळिवाची खीर, शेपूची भाजी, गोठ्याच्या ओट्यावर पत्रावळीत. ते मला नव्हतं, दुधाला होतं.

बाळ दणकट होतं. सगळं ओढून घ्यायचं. खोटं कशाला बोलू, ते रडलं की माझा पदर भिजायचा. त्याचा राग मला कधी आला नाही. मग मी मुलीला घ्यायची. ती ओढायची, ओढायची, आणि रिकाम्या तोंडानं माझ्याकडे बघायची.

महिन्याभरात तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. मी थोरल्या बाईंपुढे गेले. त्या वाती वळत होत्या.

"बाई, एक डाव पोरीला आधी पाजू द्या. मरंल ती."

त्यांनी मान वर केली नाही. "पाचवीला सटवाई लिहून जाते ते टळतं का? तुमच्या पोरींच्या कपाळी मागून प्यायचंच लिहिलेलं असतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी रडायची थांबली. भुकेलं पोर रडतं. रडत नाही ते पोर चाललेलं असतं. आत बाळ रडत होतं. थोरल्या बाईंनी हाक मारली. मी गेले नाही. मुलीला छातीशी घेतलं. तोंड उघडेना. बोटानं उघडलं आणि थेंब थेंब जिभेवर पिळलं. दहा-बारा थेंब बाहेर ओघळले. मग तिनं गिळलं. मग धरलं.

तेव्हा जे कळलं ते मला कुठल्या कीर्तनात कळलं नाही. मीठ आम्ही खाडीच्या पाण्यातून काढतो. त्याला ऊन लागतं, वारा लागतो, पाय कुजवावे लागतात. आणि ते मालकाचं होतं. दूध मी कशातून काढत होते? त्यांच्या खिरीतून नव्हे. घरी नुसत्या पेजेवर होते तेव्हाही येत होतं. हाडाला हाड जोडून ही मुलगी मी आत घडवली होती, आणि अजून घडवत होते. देव करतो म्हणतात. करत असेल तर माझ्याच अंगात बसून करतो. मग हे अंग काथ्यानं घासून घेणारी ही कोण?

थोरल्या बाई गोठ्याच्या दारात आल्या. त्यांनी बघितलं.

"उष्टं केलंस, रांडे!"

मुलीचा पाय धरून त्यांनी हिसका दिला. ती माझ्या छातीवरून सुटली आणि शेणात पडली.

मी उठले. त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. माझा हात मिठाचे ढीग ओढणारा. हाड वाजलेलं मी ऐकलं. त्या किंचाळल्या. मी सोडलं नाही. म्हटलं, "पोरीला परत हात लावलास तर दुसराबी मोडीन."

गडी धावून आले. त्यांनी मला लाथांनी तुडवलं. मी मुलीवर पालथी पडून राहिले. बरगडी मोडली, ती अजून ठणकते. नवऱ्याला आगरावरून हाकललं. त्यानं घरी येऊन मला मारलं. "तुझ्या दुधापायी आमी उपाशी मरू."

"मर," मी म्हटलं. "पोरगी नाय मरनार."

ती मेली नाही. वीटभट्टीवर मी विटा वाहिल्या आणि तिला आधी पाजलं. पण हे वाचून बरं वाटून घेऊ नका. त्या हिसक्यानं तिचा खुबा निखळला तो निखळलाच. आज तीही म्हातारी होत आली. पाय ओढत चालते. तो आवाज मी रोज ऐकते.

एक सांगायचं राहिलं. मुलीच्या पाचवीला माझ्या सासूनं पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून. सकाळी मी तो कागद उचलून बघितला होता. दोन्ही बाजूंनी. कोरा होता.

आमच्या घरात आता पाचवीला कोरा कागद ठेवत नाहीत. मुलगी झाली की मी आधी जाऊन पाट्यापाशी बसते आणि माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिते.

ही आधी पिणार.