हाताला बसेल असं

"हात बघू," दातार म्हणाले.

सुंदराबाईंनी उजवा तळवा उताणा करून काउंटरच्या काचेवर ठेवला. साठी उलटलेल्या बाईला कुणी हात दाखवायला सांगितलं, तर तो आणखी कशासाठी सांगणार?

"भविष्य नाही बघायचं, बाई. त्याची दुकानं वेगळी. मला बोटांची लांबी बघायचीय. बोट पिस्तुलाच्या चापापर्यंत पोचायला हवं. नाहीतर चोरालाच म्हणावं लागेल, जरा ओढता का."

सोनाली फिस्सकन हसली आणि आईच्या चेहऱ्याकडं बघून गप्प झाली. सुंदराबाईंनी हात पालथा केला. आखूड, जाड बोटं. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, विटांचा ओला साचा उचलताना वरून दुसरा आदळला, तेव्हापासून ते नख तसंच उगवतं. वेल्ह्याकडच्या डोंगरातून धायरीला नांदायला आलेल्या या बाईनं माती तुडवली, साचे भरले, कच्च्या विटा उन्हात उभ्या केल्या. सुरुवातीला दुसऱ्याच्या भट्टीवर, नवराबायकोनं मिळून. मग नवऱ्यानं, रंगनाथ पोकळ्यांनी, स्वतःची भट्टी लावली, तीही दोघांनीच. धायरीत तेव्हा ज्वारी व्हायची. आता ज्वारीच्या जागी पंधरा-पंधरा मजले उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखं, सुंदराबाईंचं चार खोल्यांचं बैठं घर. बाहेरून गिलावा नाही. रंगनाथांनी करूच दिला नव्हता. "माझी वीट मला दिसू दे की," म्हणायचे.

त्या घरात राहायचं की नाही, एवढाच आता प्रश्न होता.

उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी हेल्मेट घातलेले दोघं दारात आले. "मावशी, प्लॉट विकायचाय का?" सुंदराबाई नाही म्हणेपर्यंत एकानं तोंड दाबलं, दुसऱ्यानं हातातल्या पाटल्या ओरबाडल्या. मनगट सुजलं. शेजारच्या पंधरा मजल्यांवरून कुणाला काही दिसलं नाही. एवढ्या खिडक्या, पण सगळ्यांना पडदे. सोनाली वारज्याहून धावत आली आणि तिनं तिथल्या तिथं आईची बॅग भरायला घेतली. सुंदराबाईंनी ती रिकामी केली. सोनालीनं पुन्हा भरली. दिवसभर हेच चाललं. शेवटी मायलेकींचं ठरलं ते असं, की आईनं वडिलांचं शस्त्राचं लायसन स्वतःच्या नावावर करून घ्यायचं आणि घरात चालू हत्यार ठेवायचं. जमलं तर धायरी. नाही जमलं तर वारजे, आणि मग कुरकूर ऐकून घेतली जाणार नाही.

सोनालीला वाटलं होतं, आई चौकीच्या खेट्यांनाच कंटाळेल. आई कंटाळली नाही. वारसाची कागदपत्रं झाली, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, हत्यार चालवण्याचं सक्तीचं शिक्षणही झालं. तिथं शिकवायला ऋतिका नावाची मुलगी होती. म्हणाली, "आजी, गोळी सुटताना डोळे मिटू नका हो."

"भट्टीच्या तोंडातनं जाळ आला की डोळं मिटायचीच सवय हाय, बाय. आता कुटं मोडू?"

पण मोडली. कागदी माणसाच्या खांद्याला का होईना, भोक पाडून आल्या. आणि आज दातारांच्या दुकानात उभ्या होत्या.

दातारांनी आधी पिस्तूल पुढं ठेवलं. चपटं, देखणं. त्याचा वरचा भाग मागं खेचल्याशिवाय पहिली गोळी जागेवर येत नाही. सुंदराबाईंनी दोनदा खेचून पाहिलं आणि खाली ठेवलं. "मुठीत बळ हाय माझ्या. चिमटीत न्हाई."

"मग रिव्हॉल्वर," दातार म्हणाले. "गोळ्या चक्रात भरायच्या, चाप ओढायचा, बाकी काही लक्षात ठेवायचं नाही. यात दोन प्रकार. बत्तीसचं आणि बावीसचं. बत्तीसची गोळी मोठी, झटका मोठा. तुमच्या या मनगटाला पहिल्या गोळीचा झटका बसला, की दुसरी जाणार छताला. बावीसची गोळी बारीक. तिच्यानं माणूस जागेवर आडवा होईल, असं मी खोटं सांगणार नाही. पण जिथं मारायची तिथं लागेल. तुम्हाला हे हाताला बसेल."

त्यांनी लाल फडक्यावर एक इवलंसं रिव्हॉल्वर ठेवलं. सुंदराबाईंनी ते उचललं. बोट चापावर बरोबर पोचलं. वजन असं काही जाणवेचना.

"आई, हेच घे ना," सोनाली म्हणाली. "एकदम लाइट आहे. पर्समध्येही मावेल."

"माझ्याकडं पर्स कुटं हाय?" सुंदराबाईंनी ते खाली ठेवलं. "आमच्या ह्यांचं हाय ना तुमच्याकडं? ते काढा."

रंगनाथांचं रिव्हॉल्वर गेलं दीड वर्ष याच दुकानात जमा होतं. लायसनवाला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. दहावं-तेरावं उरकलं, तसं सोनालीनं ते इथं आणून दिलं होतं. तेव्हा सुंदराबाई आतल्या खोलीत पडून होत्या. हत्यार घराबाहेर कधी गेलं हेही त्यांना कळलं नव्हतं.

"आई, ते बत्तीसचं आहे. आत्ताच सांगितलं ना त्यांनी."

"ऐकलं मी. बघायचं तरी हाय का न्हाई?"

दातार आत गेले आणि सीलबंद पुडकं घेऊन आले. सुंदराबाईंची सही घेतली, सील तोडलं. आधी चामड्याची पिशवी निघाली. काळी पडलेली, कडेला घासून पांढरी झालेली. सुंदराबाईंनी ती नाकाशी नेली. दुकानात गिऱ्हाईक आहे, पोरगी शेजारी उभी आहे, कशाचं भान राहिलं नाही. घाम, तेल आणि भट्टीचा धूर. धूर! भट्टी बंद होऊन किती काळ लोटला. माणसाचे कपडे धुऊन वाटून टाकले, उशी उन्हात घालून पाहुण्यांना दिली, घरात हुंगायला काही ठेवलं नाही. आणि इथं पेठेतल्या एका कपाटात त्यांचा वास जसाच्या तसा राहिला होता.

"आई," सोनाली हळूच म्हणाली.

"थांब जरा."

ती पिशवी रंगनाथांच्या कमरेला, सदऱ्याखाली असायची. मजुरांच्या हप्त्याची रक्कम घेऊन येताना वडगावच्या फाट्यावर एकदा लुटले गेले, तेव्हा त्यांनी हे घेतलं. घरी आणलं त्या दिवशी अख्खी आळी बघायला आली होती. पुढं एकदा जमिनीच्या भानगडीत चार-सहा जण गाडीतून भट्टीवर उतरले. रंगनाथ सदऱ्यावरून कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. ती माणसं आल्या पावली गाडीत बसली. सुंदराबाईंनी हे विटांच्या थप्पीआडून स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून त्या घराला कडी लावायची राहिली तरी निवांत झोपायच्या.

त्यांनी स्वतः हे रिव्हॉल्वर वर्षातून एकदाच हातात घेतलं असेल. दसऱ्याला. पाटावर फावडं, घमेलं, साचा आणि मधोमध हे. इतर हत्यारांना एक बोट, तर ह्याला तीन बोटं कुंकू. धन्याच्या जिवाची राखण करणारं ते, त्याला हात आखडून कसं चालेल?

दातारांनी चक्र बाजूला काढायचा प्रयत्न केला. हललं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दिवा खाली ओढला, बारीक पेचकस घेतला, तेलाचे थेंब सोडले. थोड्या वेळानं चक्र कुरकुरत निघालं आणि फडक्यावर काहीतरी सांडलं. तांबड्या-पिवळ्या कपच्या, तांदळाचा एक काळपट दाणा, झेंडूची चुरगळलेली पाकळी.

दातारांनी ते सगळं काडीनं एका बाजूला सारलं.

"पूजा दर वर्षी आपणच करत होता का?"

"मग? दुसरं कोण करणार?"

"मनापासून केलेली दिसतेय. पाणी शिंपडून, अक्षता वाहून. साखरही ठेवली असेल."

"दूधसाखर. का वं?"

"काही नाही. गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखालचं भोक कुंकवानं बुजलंय, चक्र गंजून बसलंय. बाई, यातून गोळी सुटणं गेली दहा-बारा वर्षं तरी शक्य नव्हतं. यापेक्षा वरवंटा बरा. तो निदान फेकून मारता येतो."

सोनालीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. सुंदराबाई फडक्यावरच्या कपच्यांकडं बघत राहिल्या. माणूस गेला त्या दिवशी बायकांनी त्यांचं कपाळ पुसलं होतं, ओल्या पदरानं, रगडून. करंडा कुणीतरी उचलून नेला. घरात कुंकवाचा कण राहिला नव्हता. आणि हे त्यांच्याच बोटांचं, त्यांच्याच करंड्यातलं, सवाष्णपणातलं कुंकू दसऱ्यामागून दसरा ह्या लोखंडात साठत गेलं होतं.

"म्हंजी आमच्या ह्यांना ठावंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मोकळंच लोखंड कमरेला लावून हिंडायचे. कुणी अंगावर आलं असतं तर?"

दातार पेचकसाचं टोक फडक्याला पुसत राहिले.

"पोकळ्यांना माहीत होतं," शेवटी ते म्हणाले. "निवडणुकीत हत्यारं जमा करावी लागतात. तेव्हा एकदा इथं ठेवायला आले होते. मी तेव्हाच बघितलं आणि सांगितलं, तासाभराचं काम आहे, साफ करून देतो. तर नको म्हणाले."

"नको म्हणाले? का?"

"मीही विचारलं. म्हणाले, मला कुणावर चालवायचंय? आणि साफ केलंत तर घरी सांगावं लागेल, की तुझ्या कुंकवानं बिघडलं होतं. मग ती पूजाही नीट करणार नाही आणि झोपणारही नाही. आत्ता तिला ह्याच्या भरवशावर झोप लागते, लागू द्या. घरी बोलू नका, म्हणाले. मी बोललो नाही. आज विषय निघाला म्हणून."

सुंदराबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. बाहेर रिक्षावाला कुणावर तरी खेकसत होता.

"साफ करून चालू होईल का?" सोनालीनं विचारलं.

"होईल की. चार दिवस लागतील. पण यांच्या हाताला ते जडच आहे. साफ करून विकूही शकता. गिऱ्हाईक मिळेल."

"साफ करू नका," सुंदराबाई म्हणाल्या.

"मग कोण घेणार?"

"कुणी घेऊ नये. ते पडलंय तेबी आत घाला परत." त्यांनी कपच्यांकडं बोट केलं. "तुमच्याकडं ठिवा. भाडं काय असंल ते सोनी देत जाईल. मी अधनंमधनं येऊन बघून जाईन."

दातारांनी चष्म्यावरून पाहिलं. मग काडीनं एकेक कपची गोळा करून कागदाच्या पुडीत बांधली आणि पुडी पिशवीत सरकवली. पाकळीसुद्धा ठेवली. "या," ते म्हणाले. "येताना करंडा आणू नका म्हणजे झालं."

इवलंसं बावीसचं सुंदराबाईंच्या नावावर लागलं.

दोघी गाडीनं परत निघाल्या. सिंहगड रस्त्यावर गर्दी होती. सोनाली मधून मधून आईकडं बघत होती, आणि आई खिडकीबाहेर. सुंदराबाईंच्या डोळ्यांपुढं ओट्यावरची बाज आली. उन्हाळा असो, थंडी असो, रंगनाथ त्या बाजेवर बसलेले असायचे. सुंदराबाईंना कधी रात्री जाग आली तर दारातून विडीचा ठिपका दिसायचा. सकाळी ह्या करवादायच्या, "रातभर करता काय तितं?" ते म्हणायचे, "भट्टी बघतो." भट्टी बंद पडली, जमीन गेली, तरी बाजेवर बसायचे. आता कसली भट्टी बघताय, असं विचारलं की नुसते हसायचे. म्हातारपणी माणसाची झोप उडते, अशी सुंदराबाईंनी मनाची समजूत करून घेतली होती आणि आत जाऊन घोरत पडत होत्या.

घरी पोचल्यावर सोनालीनं हत्यार कपाटात कुलपात ठेवलं, गोळ्या वेगळ्या ठेवल्या, किल्ली आईच्या कनवटीला खोचली. ठरल्याप्रमाणं सगळं झालं होतं. तरीही ती दारात घुटमळली.

"आई, आजच्या दिवस वारज्याला चल. उद्या आणून सोडते, शप्पथ. आत्ता एकटी नको राहूस."

"आज तर न्हाईच."

"अगं, पण का?"

"मला ह्यांच्याशी भांडायचं हाय. तुझ्या घरात सासरची मानसं. मोठ्यानं बोलता येत न्हाई."

सोनालीचे डोळे भरून आले. तिनं आईला गच्च धरलं, आणि मग गाडी काढली. वळणावर गाडीचा लाल दिवा दिसेनासा झाला.

दिवस कलला होता. समोरच्या इमारतींची सावली अंगणभर पडली होती. सुंदराबाई ओट्यावर आल्या. बाज दीड वर्ष भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यांनी ती आडवी केली, सुंभाची वीण तळव्यानं चाचपली. जिथं ते बसायचे तिथं खळगा पडला होता. त्या त्याच्या शेजारी टेकल्या.

बांधून ठेवलेलं भांडण काढायचं, तर आधी राग यावा लागतो. त्यांनी तो आणायचा बराच प्रयत्न केला.

"आवं," शेवटी त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मीबी बसले असते की जागी, तुमच्यासंगट."