हौसाआत्याचं बोट

हौसाआत्या गेली त्या सकाळी मी जपानला तिच्या मुलाला, दत्ताला फोन लावला. आई गेली म्हणून सांगितलं. मग त्यानं विचारलं, "शैलाताई, गॅस बंद होता का?" परक्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय हा मुलगा, आई गेली आणि हा गॅसची चौकशी करतोय! मी मात्र हाच प्रश्न येणार हे धरून चालले होते. शेजाऱ्यांनी खिडकीतून हात घालून कडी काढली आणि मी आत शिरले, तेव्हा आत्याच्या कॉटच्या आधी माझी नजर शेगडीकडेच गेली होती. "बंद होता रे. शेगडीचं बटण बंद, सिलिंडरही बंद," मी म्हटलं. तेव्हा कुठं तो रडायला लागला. याला आता दीड महिना होत आला. लोक भेटले की विचारतात, आत्या कशानं गेली? मी सांगते, झोपेत गेली, आणि आपल्या घरात गेली. हे दुसरं वाक्य सांगताना मला अभिमान वाटतो. तो का, हे सांगायचं तर जपानमधल्या एका लोकल गाडीची गोष्ट सांगावी लागेल.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, मूळची रेल्वेलाइनीवरच्या केम गावची. मेंढरांमागं वाढलेली. लग्न होऊन सोलापुरात आली आणि नवऱ्याबरोबर अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत टॉवेलांना काठ शिवून तिनं दोन खोल्यांचं घर उभं केलं. "हाडाची काडं करून बांदलंय," ती म्हणायची, आणि कुणी भिंतीला पाय लावून उभं राहिलं तरी तिला खपायचं नाही. पुढं नवरा गेला, एकुलता एक दत्ता शिकून जपानला गेला. ती एकटी मजेत होती. मग दूध करपायला लागलं. भांडं जळून काळं व्हायचं आणि ही ओट्यावर भजन म्हणत बसलेली. डॉक्टरांनी विसराळूपणाचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि एकटं ठेवू नका म्हणाले. दत्तानं तिला तीन महिन्यांसाठी बोलावलं. तीन महिने हे नुसतं म्हणायला, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि आत्यालाही. मी नुकतीच शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते, म्हणून सोबतीला गेले. फुकटात जपान मिळत असताना मी कशाला नाही म्हणू?

दत्ताचं घर टोकियोच्या बाहेर, शहराकडे जाणाऱ्या एका लोकल लाइनीवर होतं. दर थोड्या वेळानं गाडी. सगळीकडे थांबणारी धिमी, मधली स्टेशनं गाळणारी जलद, आणि दार बंद व्हायच्या आधी फलाटावर वाजणारी छोटीशी धून, प्रत्येक स्टेशनाची वेगळी. आत्याला ती धून फार आवडायची. पण डब्यात कुणी बोलत नाही म्हटल्यावर तिचा जीव कासावीस व्हायचा. "मयताला आल्यागत गप बसल्यात की सगळी!" हे ती अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणायची. मग आम्ही पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी उभ्या राहायला लागलो. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर, त्याच्यापुढं पळत येणारे रूळ... आणि तो एकटाच बोलत होता. सिग्नल आला की बोट दाखवायचा आणि काहीतरी म्हणायचा. "आगं, त्यो कुनाशी बोलतोय? आत तर कुनी बी न्हाय!" घरी आल्यावर दत्तानं समजावलं. रोज तेच तेच बघून मन भरकटतं, म्हणून नुसतं बघायचं नाही. बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. आत्या विचार करून म्हणाली, "म्हंजी शेळी दाव्याला बांदतो तसं मन बोटाला बांदायचं. शाना हाय गडी." आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

एके दिवशी आम्ही दोघीच निघालो होतो. आमची गाडी धिमी होती. मागून जलद येत असली की धिमी एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबते, ती पुढं निघून गेली की मग सुटते. तशी ती थांबली. आता केमकडच्या माणसाला पॅसेंजर बाजूला काढली की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. क्रॉसिंग म्हणजे उतरायचं, पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, कुणाची सोयरीक जुळतेय का बघायचं. "क्रॉसिंग लागलं वाटतं," आत्या उठली, "शैले, तू जागा धर, मी पाय मोकळं करून येते." मी आत्या, आत्या करेपर्यंत ती पिशवी घेऊन फलाटावर. मीही सोलापूरचीच, तिच्या जागेवर रुमाल टाकून बसले! जलद गाडी धाडधाड निघून गेली, ती गोड धून वाजली आणि दारं मिटली. आत मी, काचेपलीकडं आत्या, आणि माझ्या शेजारी तो रुमाल.

पुढच्या स्टेशनला उतरून पलीकडच्या फलाटावरून परत येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आत्याकडे फोन नाही, भाषा नाही, आणि डोकं तर असं. ती ज्या खांबाशी उतरली होती त्याच खांबाशी उभी होती. बोट खांबाकडे रोखलेलं. "हितंच थांबायचं. शैला येनार हाय... हितंच थांबायचं. शैला येनार हाय." शेजारी स्टेशनचा टोपीवाला कर्मचारी अदबीनं उभा, आणि त्याच्या हातात आत्यानं पिशवीतून काढून दिलेला, सोलापूरहून आणलेल्या कडक भाकरीचा तुकडा. त्यानं तो खाल्लाही नव्हता आणि टाकलाही नव्हता. मी रागानं म्हटलं, "कुठं निघून गेली असतीस म्हणजे?" ती म्हणाली, "चुकलेलं मेंढरू पळालं तर गावत न्हाय. थांबलं की गावतंय." आणि मग हळूच, माझा हात धरून, "पर मी हितं का उबी हाय त्येच मदी मदी इसरत हुते गं. म्हनून त्या ड्रायवरागत बोट करून बोलत राहिले." परतीच्या गाडीत मी त्या गप्प माणसांमध्ये बसून मोठ्यानं रडले. कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

घरी आल्यावर आम्ही दत्ताला सगळं सांगितलं. "आता सोलापूरचं नाव काढू नकोस," तो आत्याला म्हणाला. ती त्याच्यासमोर बसली. "दत्ता, मला माज्या घरात मरू दे. ज्या दिशी गॅस चालू ऱ्हाईल, त्या दिशी घिऊन जा. मी हूं का चूं करनार न्हाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी आहे की पलीकडच्या गल्लीत," मी म्हटलं.

आम्ही दोघी परतलो, आणि ती लोकल सोलापूरच्या दोन खोल्यांत आली. आत्या शेगडीकडे बोट करून म्हणायची, "गॅस, बंद." दाराकडे, "कडी, लावली." डबीकडे, "गोळी, घेतली." गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची, तीही त्यांना हसून दाद द्यायची. मी सकाळ-संध्याकाळ जायचे, आत शिरताना उगाच नाक वर करून वास घ्यायचे. गॅस कधीच चालू नसायचा. मी दारात उभी राहिले की माझ्याकडेही बोट यायचं, "शैला. माज्या भावाची लेक." पुढं भाऊ गळाला, नुसती शैला राहिली. मग एका संध्याकाळी बोट तसंच माझ्याकडे उचललेलं राहिलं. ओठ हलले, नाव सापडेना. मी सांगणार होते, पण तिनं हातानंच थांबवलं... आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "आली!" ती म्हणाली. त्यानंतर शेवटपर्यंत माझं नाव तेच होतं. मला माझ्या खऱ्या नावापेक्षा ते जास्त आवडायचं.

दत्ता येऊन सगळं करून गेला. जाताना त्यानं शेगडीच्या बटणावरून हात फिरवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. परवा झाडलोट करायला गेले होते. तिच्याच शेगडीवर कपभर चहा केला, प्यायले, कप धुतला. माझं बोट आपोआप वर गेलं. "गॅस, बंद. खिडकी, लावली." मग ते कॉटकडे वळलं. तिथं काय म्हणायचं ते मला माहीत होतं, पण मी म्हटलं नाही. बाहेर आले, दार ओढलं, कुलूप घातलं, एकदा हिसका देऊन पाहिलं. समोरची बाई कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघत होती. तरी मी कुलपाकडे बोट केलं आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "लागलं, आत्या."