चार हातांचं काम

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होतो. नंबर त्याच्या बायकोचा, सुनंदा वहिनींचा, आवाज त्यांच्या शेजाऱ्याचा. "लातूरचे भाऊ ना? साहेब गेले... सकाळी, चहा घेता घेता." मी वायर मोजणं थांबवलं नाही. अठरा, एकोणीस, वीस मीटर... कापली, गुंडाळली, पिशवीत घातली आणि मग स्टुलावर बसलो. तेव्हा जो राग डोक्यात शिरला तो आज दीड महिना झाला तरी उतरलेला नाही. भेटणारा प्रत्येक जण सांगतो की त्रास न होता गेला, नशीबवान माणूस. यात कसलं आलंय नशीब? माणूस हातातलं काम अर्धं टाकून गेला, आणि त्या अर्ध्या कामाची आपल्या माणसांनी काय दशा केली, तेच सांगायला बसलो आहे.

मिलिंद आणि मी लातूरच्या पॉलिटेक्निकला एका खोलीत राहिलो. तो चाकूरकडचा, मी उदगीरकडचा; मला तो पहिल्यापासून बसू म्हणायचा. तो ड्रॉइंगला बसला की मी टी-स्क्वेअर धरायचा, आणि मी बसलो की त्यानं माझी शीट खोडून पुन्हा काढायची, अशी आमची वाटणी होती. पुढं मी लातुरात इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं आणि तो नांदेडला पाटबंधारे खात्यात आरेखक झाला. कालवे आणि बंधारे काढण्यात त्याची सगळी नोकरी गेली. शेवटची काही वर्षं सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि त्याच्या हाताला काम उरलं नाही. तो हात असा होता की रेघ ओढताना श्वास धरायचा आणि रेघ संपल्यावर सोडायचा. रिटायर झाला तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं त्याला एक खोकं पाठवलं. आत करड्या रंगाचे रेझिनचे तुकडे होते. धड, त्यालाच लागून शेपूट, वेगळं डोकं आणि दोन पंख. जोडले की पंखांसकट दीड हाताचा ड्रॅगन व्हायचा, आणि तो आपण घरी बसून रंगवायचा.

वहिनी त्याला पहिल्या दिवसापासून घोरपड म्हणायच्या. "ह्यांची घोरपड अजून अंघोळच करून राहिली," असं मला फोनवर सांगायच्या, कारण मिलिंदनं ते तुकडे साबणाच्या पाण्यात धुण्यात आणि पॉलिश पेपरनं घासण्यातच दोन महिने घालवले. मग काळा प्रायमर, मग पाण्यासारखे पातळ केलेले रंग, एकावर एक. घाई करशील तर खवले बुजून जातात, म्हणायचा. पोटाखालचा रंग जमेना म्हणून कुंपणावरच्या सरड्याचे फोटो काढत हिंडला. नुसतं तोंड आतून रंगवायला त्याला तीन आठवडे लागले. टाळू, जीभ, जिभेच्या मुळाशी काळपट होत जाणारा लाल. मी म्हणालो, "अरे, कोण बघणार तिथं?" तर म्हणाला, "मी बघितलंय ना." आधी जोडून मग का रंगवत नाहीस, असंही मी विचारलं होतं. "जोडल्यावर ब्रश आत जात न्हाई, बसू. आधी सुटं रंगवायचं, शेवटी जोडायचं." म्हणून चारही तुकडे औषधाच्या बाटल्यांच्या मोठ्या झाकणांवर चिकटवून टेबलावर वेगवेगळे उभे असायचे. रंगवायला चार वर्षं लागली. उन्हाळ्यात सगळे रंग पुरे झाले आणि त्याचा फोन आला. जोडायचं काम एकट्याचं नव्हतं. दोन ट्यूबांमधला गम मिसळून लावायचा आणि दोन्ही पंख एकाच वेळी, एका उंचीवर, दहा मिनिटं न हलता धरायचे, तोवर त्यानं खालून डोकं बसवायचं. "चार हातांचं काम हाय. एका रविवारी ये." मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो.

तो पुढचा रविवार काही आला नाही. आधी एक लग्न निघालं, मग ऊन फार, मग दुकानात माल आला. रविवारी माझं दुकान बंद असतं आणि नांदेड काही दूर नाही, अडीच-तीन तासांची एसटी. मिलिंद दर वेळी "हाव, पुढच्या येशील" म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

मिलिंद गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नांदेडला पोचलो तेव्हा लोक जेवून उठले होते. मी सरळ त्याच्या खोलीत गेलो. खोली स्वच्छ झाडलेली, गादी घातलेली, टेबल रिकामं. खिडकीत फक्त धड होतं, मान तुटल्यासारखं. मिलिंदचे थोरले बंधू यशवंतदादा, चाकूरचे निवृत्त हेडमास्तर, समाधानानं म्हणाले, "पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. मीच आवरलं. त्याच्या वस्तू होत्या, एकेकाला आठवण म्हणून देऊन टाकल्या." कपडे वाटतात तसे! झाकणांवर वेगवेगळे उभे होते, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू, असा त्यांचा हिशोब. धड जड म्हणून कुणी नेलं नाही. वहिनी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात होत्या, त्यांना कुणी विचारलंही नाही. मी त्या भरल्या घरात काय काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "भाऊजी, आज नको," असं वहिनी दारातून म्हणाल्या म्हणून गप्प बसलो.

डोकं ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं नेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो तर तो मला तरोड्याला चाललेल्या आपल्या नव्या बांधकामावर घेऊन गेला आणि कौतुकानं वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्याच्या बांबूला काळी बाहुली, तिच्या शेजारी तारेनं आवळलेलं मिलिंदच्या ड्रॅगनचं डोकं. नजर लागू नये म्हणून लोक राक्षसाचा मुखवटा टांगतात ना, तसं. "लई पॉवरफुल हाय साहेब, जो येतो तो वर बघतो." तीन आठवडे रंगवलेल्या त्या तोंडात सिमेंटची धूळ भरली होती. मी त्याला म्हणालो, उतरवा. तो म्हणाला, मिस्त्री जेवायला गेलाय. मग साठी उलटलेला मी चपला काढून बांबूवर चढलो. खालून तो "अहो पडाल, अहो पडाल" करत होता आणि मी वरून त्याला शिव्या देत होतो. बिचाऱ्याचं खरं तर काही चुकलं नव्हतं. त्याला दिलं, त्यानं आपल्या परीनं मानाच्या जागी लावलं. पण त्या दिवशी मला कुणाचीच बाजू समजून घ्यायची नव्हती.

एक पंख लातूरलाच होता, मिलिंदची बहीण शकुताई हिच्याकडे, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या टाकून. तिनं तो नऊवारीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. मी कारण सांगितलं तशी काढून दिला आणि रडत बसली. तिच्यावर ओरडायची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली.

दुसरा पंख स्वतः दादांनी नेला होता. चाकूरला त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात शाळेच्या ढालींच्या मधोमध तो उभा केलेला, खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : 'स्मृतिशेष मिलिंद यांची कलाकृती – मासा.' मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. जय भीम झालं, पाणी आलं, आणि मी पंख मागितला. दादा ताठ झाले. "माझ्या भावाची वस्तू आहे. तू कोण मागणारा?"

"दादा, तो मासा न्हाई. पंख हाय. ड्रॅगनचा."

"कशावरून?"

मोबाइलमध्ये मिलिंदनं पाठवलेला फोटो होता. रंग पुरे झाल्यावर त्यानं एकदा सगळे तुकडे रबरबँडनं नुसते बांधून पाहिले होते. दादांनी चष्मा पुसून तो फोटो बराच वेळ पाहिला. "हे सगळं एकच होतं?" ते म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं का कधी? चार वर्षं तुमचा भाऊ ते करून राहिला होता, एकदा तरी त्या टेबलापाशी बसलात का?" माझा आवाज चढलेला ऐकून त्यांची सून दारात येऊन उभी राहिली. दादांनी उठून कपाटाचं कुलूप काढलं, पंख वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. चिठ्ठी मात्र स्वतःच्या खिशात ठेवली. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात त्यांना अजून बरंच सुनावत होतो. दादा निदान माहीत नव्हतं म्हणून त्या टेबलापाशी गेले नाहीत, हे मला चाकूर मागे पडल्यावर सुचलं.

मागच्या रविवारी डोकं आणि दोन्ही पंख घेऊन नांदेडला गेलो. डोक्याच्या तोंडातली धूळ ओल्या ब्रशनं काढली. सांध्यात तारेच्या पिना मिलिंदनं आधीच बसवून ठेवल्या होत्या, भोकं बरोबर जुळत होती. वहिनी हात धुऊन आल्या आणि समोर बसल्या. डोकं सोपं होतं, ते आधी बसवून घेतलं. मग गम मिसळला, दोन्ही खांद्यांना लावला. डावा पंख त्यांनी धरला, उजवा मी. दोघांच्या कोपराला टेबल, समोर भिंतीवर घड्याळ. मी म्हणालो, "दहा मिनिटं. बिलकूल हलायचं न्हाई."

सेकंदकाटा दोनदा फिरला. मग वहिनी पंखावरची नजर न काढता म्हणाल्या, "दर रविवारी सकाळीच दाढी करून बसायचे. टेबल पुसायचे, ट्यूबा काढून ठेवायचे. लातूरची दुपारची गाडी येऊन गेली की मग शर्ट बदलायचे. मी म्हणलं, आणा, मी धरते, मला बी दोन हात हायत. तर म्हणायचे, न्हाई, बसू येणार हाय."

लग्न, ऊन, माल... सगळी कारणं मनात मोजून झाली. उठून अंगणात जावं, निदान पाणी प्यायच्या निमित्तानं, असं वाटलं.

"लोकांवर लई ओरडलात तुम्ही. दादांवर, त्या ऑफिसवाल्यावर. मी तुमच्यावर चिडलेली हाय, भाऊजी. आज बोलून घेते. आज तुम्हाला उठता येत न्हाई."

माझं कोपर टेबलावरून उचललं गेलं. त्यांचं तसंच होतं, टेकलेलं.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "अजून पाच मिनिटं हायत."