व्याह्यांचा वरचा सूर

नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा माझे व्याही खिडकीशी होते आणि त्यांची गिटार माझ्या मांडीवर. लेकीने फिनलंडचा नवरा केला, म्हणून हे तौनो आमचे व्याही. तरुणपणापासून रॉक आणि ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःख आळवणारं गाणं) गातात. जहाजांवर, जत्रांत, बर्फातल्या गावांत गाऊन केस पांढरे झाले. अलीकडे मात्र त्यांच्या सर्वांत जुन्या गाण्याच्या शेवटचा वरचा सूर फाटतो. “संभाजीनगरच्या कार्यक्रमात तो लागला नाही, तर स्टेजवरच सांगणार, आता गाणं बंद,” असं त्यांनी गाडीतच सांगितलं. गाणं सोडलेला हा माणूस घरात करणार काय?

स्टेशनवर माझा मावसभाऊ अरुण आला होता. त्याच्याच कॉलेजने कार्यक्रम ठेवलेला. त्याने आम्हाला थेट नान-खलिया (नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला नेलं. मी दही-नानावर भागवलं. व्याह्यांचं नाक गळत होतं, तरी हात थांबेना. वाढणारा हसून म्हणाला, “आराम से खाओ चचा, नान कहीं भागरी नै.”

दुपारी फुलंब्रीकडे गेलो. ज्वारी कमरेपर्यंत आली होती. अरुणच्या ओळखीचे बापू, मेंढरं राखणारे धनगर, बाभळीखाली ढोलावर ओव्या म्हणत होते. ते ओळ सुरू करत आणि शेवट सोडून देत. तो मागचे झीलकरी (साथ करणारे) उचलत.

“पाव्हण्यांनी बी म्हनावं की,” बापू म्हणाले.

व्याह्यांनी नेमकं तेच गाणं धरलं. वरच्या सुराशी आले आणि गळा अडकला. मी मान खाली घातली. तेवढ्यात झीलकऱ्यांनी कानावर हात ठेवून तो सूर उचलला आणि चांगला ताणून धरला.

“बापू, यांचा आवाज अडकला होता,” मी म्हणाले.

“आडकला? आमाला वाटलं, आमच्यासाठी सोडला. शेवट कुनी एकट्यानं म्हनतं व्हय?”

मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं. व्याह्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, उद्या हे लोक येतील का?

“मेंढरं कोंडून येतो की,” बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिकलठाण्याच्या सभागृहात फेटेवाले झीलकरी व्याह्यांच्या मागे उभे राहिले. वरच्या सुराशी व्याही माइकपासून बाजूला झाले. झीलकऱ्यांनी तो उचलला, मग कॉलेजच्या पोरापोरींनीही. मी पदर डोळ्यांना लावून खुशाल रडले. गाणं बंद करायची गोष्ट व्याह्यांनी काढलीच नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे बघत गुणगुणत होते. शेवटाला आले, थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराबाहेर मी जन्मात गायलेली नाही. समोरची बाई शेंगा सोलायची थांबली, अख्खा डबा बघत होता. मी गायले.